मीटर 14, इन्स्टन्स 84: मकरपुऱ्यातलं एक प्रकरण

कारखान्यात लावलेल्या आमच्या वीज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 13 फीडरची बेरीज इनकमरच्या जवळजवळ सहापट आली, तिथून हे प्रकरण सुरू झालं. इनकमर म्हणजे कारखान्यात वीज जिथून आत येते तिथला मीटर, आणि फीडर म्हणजे तिथून पुढे कॉम्प्रेसर, सीएनसी, भट्टी वगैरेकडे फुटणाऱ्या लाइन. आत येते त्याच्या सहापट वीज बाहेर पडत असेल तर आम्ही सॉफ्टवेअर सोडून वीज विकायला बसलो असतो. कारखाना बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला, नाव सांगत नाही, चूक तशीही त्यांची नव्हतीच, माझी होती. त्यांच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर साहेबांचा सकाळी फोन आला, "आ तो छ गणुं बतावे छे, भाई", आणि मी सेव उसळ अर्धी टाकून निघालो. बडोद्यात हे किती मोठं दुःख आहे ते बाहेरच्यांना नाही कळायचं.

आधी सेटअप सांगतो. पॅनल रूममध्ये एक छोटा लिनक्स गेटवे, त्याला यूएसबी कन्व्हर्टरवरून आरएस-485 ची एक लाइन, म्हणजे डेटाची केबल, तिच्यावर ओळीने 14 एनर्जी मीटर, सगळे मॉडबस आरटीयू बोलणारे. मॉडबस 1979 सालचा प्रोटोकॉल आहे, मॉडिकॉनने काढलेला, आणि अजून धडधाकट आहे. प्रत्येक मीटरला 1 ते 247 मधला एक पत्ता, गेटवेने विचारायचं आणि मीटरने उत्तर द्यायचं, एका वेळी एकच. वर सॉफ्टवेअर जावात, ओएसजीआयवर, म्हणजे सगळं बंडलांमध्ये तोडलेलं, एक बंडल मीटर वाचतं, एक बेरजा करतं, एक अलार्म देतं, आणि ही बंडलं एकमेकांना फक्त सर्व्हिस म्हणून ओळखतात. ओएसजीआय 1999 पासून आहे, सुरुवातच मुळी घरातल्या गेटवेसारख्या डब्यांसाठी झाली होती, त्यामुळे आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो.

पहिल्या डेमोला एकच मीटर होता म्हणून क्लास, म्हणजे मीटर वाचणाऱ्या कोडचा साचा, तोही एकच होता. मग तीन झाले तेव्हा मी चक्क क्लास कॉपी करून नावापुढे 1, 2, 3 लावलं (हसा, पण तुमच्याही जुन्या रेपोत असलं काहीतरी सापडेल), आणि ऑर्डर 14 ची आली तेव्हा लाज वाटून नीट करायला बसलो.

नीट म्हणजे काय, तर क्लास एकच आणि इन्स्टन्स, म्हणजे त्या साच्यातून उठणाऱ्या चालत्या प्रती, किती हे कॉन्फिगरेशन ठरवणार. ओएसजीआयमध्ये याची सोय पूर्वीपासून आहे. साध्या कॉन्फिगरेशनला एक पीआयडी असतो, म्हणजे एक नाव, आणि त्या नावाचा एकच संच. फॅक्टरी कॉन्फिगरेशनमध्ये एक फॅक्टरी पीआयडी असतो आणि त्याच्याखाली तुम्ही हवे तेवढे संच करू शकता, प्रत्येकाला स्वतःचा पीआयडी, आणि प्रत्येक संचामागे कंपोनंटचा, म्हणजे ओएसजीआय सांभाळतं त्या क्लासचा, एक इन्स्टन्स उठतो. जुन्या पद्धतीत तुम्ही मॅनेज्ड सर्व्हिस फॅक्टरी नावाचा इंटरफेस स्वतः लिहायचा, त्याच्या अपडेटेडमध्ये पीआयडी आणि प्रॉपर्टीज येणार, मग तुम्ही मॅप ठेवा, ऑब्जेक्ट बनवा, सर्व्हिस रजिस्टर करा, डिलीटेड आलं की सगळं उलट करा. डिक्लरेटिव्ह सर्व्हिसेस या नव्या पद्धतीत, जिथे काय हवं ते नुसतं जाहीर करायचं असतं, यातलं काही करावं लागत नाही, कंपोनंटवर फॅक्टरी पीआयडी लिहायचा, अ‍ॅक्टिव्हेट मेथडमध्ये पत्ता, लाइन, किती सेकंदांनी वाचायचं हे घ्यायचं, बस. एक मात्र सांगून ठेवतो, कंपोनंटच्या अ‍ॅनोटेशनमध्ये फॅक्टरी नावाचं एक अ‍ॅट्रिब्यूट आहे, ते हे नव्हे. त्याने कंपोनंट फॅक्टरी मिळते, जिच्यावर न्यू-इन्स्टन्स तुम्हालाच हाक मारून करावा लागतो. दोघांचं नाव सारखं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे, मी त्यात एक अख्खी दुपार घालवली.

मग ही 14 कॉन्फिगरेशनं बनवणार कोण? साहेबांनी मीटरची यादी एक्सेलमध्ये दिली होती, मी तिची सीएसव्ही केली आणि सीडर नावाचं एक बंडल लिहिलं, ते स्टार्ट झालं की सीएसव्हीची प्रत्येक ओळ वाचून ओएसजीआयची कॉन्फिगरेशनं सांभाळणाऱ्या कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिनवर क्रिएट-फॅक्टरी-कॉन्फिगरेशन करतं, प्रॉपर्टीज भरतं, अपडेट म्हणतं.

पहिल्या दिवशी यादीतला एकही मीटर उठला नाही. कारण साधं, पण लॉग वाचल्याशिवाय कळत नाही असं. क्रिएट-फॅक्टरी-कॉन्फिगरेशनला नुसता फॅक्टरी पीआयडी दिला तर ते कॉन्फिगरेशन हाक मारणाऱ्या बंडलाच्या लोकेशनला बांधलं जातं, म्हणजे सीडरला, आणि मीटरच्या बंडलाला ते दिसतच नाही. दुसरं पॅरामीटर म्हणून नल, म्हणजे 'काही नाही', किंवा प्रश्नचिन्ह द्यायचं. नल दिलं तर जो पहिला घेईल त्याला बांधलं जातं, प्रश्नचिन्ह दिलं तर कुणाला एकट्याला बांधलं जात नाही. मी प्रश्नचिन्ह दिलं आणि 14 च्या 14 उठले.

खरंतर सुरुवातीची काही सेकंदं त्यांच्या आधी एक आगंतुकही उठायचा. डिक्लरेटिव्ह सर्व्हिसेसमध्ये कॉन्फिगरेशन पॉलिसी काही सांगितली नाही तर ती ऑप्शनल धरली जाते, म्हणजे कॉन्फिगरेशन नसेल तरी कंपोनंट डिफॉल्ट घेऊन एकदा उठतो. आमच्या डिफॉल्टमध्ये पत्ता 1. सीडर जागा व्हायच्या आत हा बिनबोलावलेला पाहुणा पत्ता 1 वाचून मोकळा, मग खरी कॉन्फिगरेशनं आली की गुपचूप जायचा. पॉलिसी रिक्वायर केली की संपलं. ज्या कंपोनंटचे इन्स्टन्स कॉन्फिगरेशनवरून व्हायचेत तिथे मी आता हे डोळे झाकून लावतो.

बेरजेच्या कंपोनंटनेही थोडा त्रास दिला. त्याला सगळे मीटर हवेत म्हणून रेफरन्स, म्हणजे दुसरी सर्व्हिस मागायची नोंद, मल्टिपल केला, पण पॉलिसी स्टॅटिकच राहिली. स्टॅटिकला ऑप्शन डिफॉल्टने रिलक्टंट, म्हणजे मागून आलेल्याला न घेणारा, असतो, त्यामुळे बेरीजवाला उठला त्या क्षणी जे तीन मीटर तयार होते तेवढेच त्याने धरले आणि मागून आलेल्या 11 ना ओळखच दिली नाही. डायनॅमिक करून, आलेला मीटर जोडणारी आणि गेलेला सोडणारी बाइंड-अनबाइंड मेथड लिहून ते मिटलं. अलार्मचं उलट, प्रत्येक अलार्मला एकच ठरावीक मीटर हवा, त्याच्या कॉन्फिगरेशनमध्येच मीटर-डॉट-टार्गेट म्हणून फिल्टर लिहिता येतो, त्यामुळे कोणता अलार्म कोणत्या मीटरला चिकटणार हेही कोडबाहेर गेलं. हा टार्गेट विसरलात तर सगळे अलार्म एकाच मीटरला चिकटतात, कारण पुष्कळ सर्व्हिस असतील तर रँकिंग जास्त असलेली आणि बरोबरी झाली तर सर्व्हिस आयडी सगळ्यात लहान असलेली, म्हणजे सहसा आधी आलेली, निवडली जाते.

तर हे सगळं जमवून आम्ही गेटवे लावला, आठवडाभर बघितलं, बिल पाठवलं. मग पाऊस सुरू झाला.

पावसात लाईट जाते, त्यात नवल काही नाही. गेटवेला छोटा यूपीएस होता पण त्याची बॅटरी कधीच मेली होती हे नंतर कळलं. जनरेटर चालू होईपर्यंतच्या त्या काही सेकंदांत गेटवे बंद पडायचा आणि परत उठायचा. आणि उठला की सीडर परत स्टार्ट व्हायचा, परत सीएसव्ही वाचायचा आणि परत 14 कॉन्फिगरेशनं बनवायचा. आधीची 14 मात्र गेलेली नसायची, कारण कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिन ती डिस्कवर जपून ठेवतो, त्याचं कामच ते आहे. अपाचे फेलिक्स म्हणजे आम्ही वापरलेलं ओएसजीआय, त्यात क्रिएट-फॅक्टरी-कॉन्फिगरेशन दर वेळी फॅक्टरी पीआयडीपुढे एक नवा यूयूआयडी, म्हणजे आधीच्या कशाशी न जुळणारा लांबलचक क्रमांक, जोडून पीआयडी बनवतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे 14 नवे कोरे मीटर. पहिल्या बूटला 14, दुसऱ्याला 28, तिसऱ्याला 42.

हे आधी का नाही कळलं याचं उत्तर हिशोबात आहे. एका विचारणेत 8 बाइट जातात आणि 20 रजिस्टर मागितले तर 45 बाइट येतात, मिळून 53, पॅरिटी धरून बाइटमागे 11 बिट, 9600 च्या वेगाने हे साधारण 61 मिलिसेकंद. त्यात मीटरचा विचार करायचा वेळ आणि फ्रेममधली शांतता धरली तर एका मीटरला 140 मिलिसेकंद लागतात. आम्ही दर 5 सेकंदांनी वाचत होतो, म्हणजे तेवढ्यात फार तर 35 विचारणा बसतात. 28 इन्स्टन्सपर्यंत सगळं आलबेल, डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर ओळी मीटरच्या नावाने असल्यामुळे तिथे डुप्लिकेट दिसतही नव्हते, फक्त दुसऱ्या पानावरची बेरीज दुप्पट झाली होती, आणि दुसऱ्या पानावर कोण जातं हो.

42 ला लाइन तुंबली. प्रत्येक इन्स्टन्स वेळ झाली की विचारणा रांगेत टाकतोच, रांगेला मर्यादा नव्हती, त्यात वेळेचा शिक्का मी रांगेत टाकताना मारत होतो, वाचताना नाही, ही वेगळी चूक. 84 ला पोचलो तेव्हा तासाभरात ग्राफ 35 मिनिटं मागे पडायचा. गंमत म्हणजे परत लाईट गेली की रांग रिकामी व्हायची आणि ग्राफ थोडा वेळ बरा दिसायचा, म्हणून साहेब मला सांगत होते की रीस्टार्ट केल्यावर सुधारतं. सुधारायचं कसलं, दर रीस्टार्टला आणखी 14 जमा होत होते.

त्या सकाळी तिथे पोचल्यावर मी आधी दीड तास सीटी रेशो (करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह किती पटीने कमी करून मीटरला देतो तो आकडा) तपासत बसलो, कारण एनर्जी मीटरमध्ये सहापट वगैरे दिसलं की पहिला संशय करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेटिंगवरच जातो. सगळे रेशो बरोबर निघाले. मग ऑफिसमध्ये फोन लावला आणि आमच्याकडे जी ज्युनिअर मुलगी आहे ती म्हणाली, दादा, गोगो शेलमध्ये एससीआर लिस्ट मारून बघ ना. मारली, म्हणजे फेलिक्सच्या कमांडच्या खिडकीत सगळ्या कंपोनंटची यादी मागवली. पान सरकतंय, सरकतंय, थांबेचना. मोजले, मीटरचे कंपोनंट 84. सहा बूट.

मी म्हटलं अगं पण आपण लॅपटॉपवर शंभरदा रीस्टार्ट केलंय, तिथे कधीच नाही झालं. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "तू रन स्क्रिप्टमध्ये स्टोरेज क्लीन लावलंयस ना दादा, ऑन फर्स्ट इनिट?" लावलंच होतं. प्रत्येक रनला कॅशचं फोल्डर पुसलं जायचं, फेलिक्सचा कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिन आपला साठा डिफॉल्टने त्याच कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे लॅपटॉपवर रोज पहिलाच दिवस असायचा. कारखान्यात ते लावलेलं नव्हतं आणि लावूही नये. म्हणजे टेस्ट करताना आम्ही नेमकी तीच गोष्ट पुसत होतो जिच्यात बग होता.

तिला नंतर मी हे समजावलं ते मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीवरून. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सुरू केलेली लायब्ररी, आमच्या घरात तीन पिढ्या तिच्या वर्गणीदार. एका पुस्तकाच्या पाच प्रती असतात, पुस्तक एकच, पण प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक. फॅक्टरी पीआयडी म्हणजे पुस्तक, पीआयडी म्हणजे दाखल क्रमांक. आता कल्पना कर की रोज सकाळी नवा माणूस येतो, कपाटातल्या पाचही प्रतींना नवे क्रमांक देतो आणि जुने क्रमांक रजिस्टरमध्ये तसेच ठेवतो. महिन्याने रजिस्टर म्हणणार दीडशे प्रती आहेत. ती म्हणाली, मग क्रमांक यादीतूनच ठरवायचा ना, माणसाने रोज नवा कशाला काढायचा? बरोबर तेच.

2018 च्या ओएसजीआय रिलीज 7 मध्ये कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिनला गेट-फॅक्टरी-कॉन्फिगरेशन मिळालं, त्यात फॅक्टरी पीआयडीबरोबर तुम्ही स्वतःचं नाव देता, पीआयडी बनतो फॅक्टरी पीआयडी, मग टिल्डे (~), मग नाव, आणि त्या नावाचं कॉन्फिगरेशन आधीच असेल तर तेच परत मिळतं. कितीही वेळा हाक मारा, मीटर एकच. मीटरची नावं पॅनलवर पत्र्याच्या पट्टीवर कोरलेलीच होती, एफडीआर-07 वगैरे, तीच घेतली. जुन्या आवृत्तीवर अडकला असाल तर लिस्ट-कॉन्फिगरेशन्सने आधी शोधायचं आणि नसेल तरच बनवायचं.

लिस्ट-कॉन्फिगरेशन्सवरून आठवलं. 84 पुसायला मी तिथेच बसून एक कमांड लिहिली, फॅक्टरी पीआयडीच्या फिल्टरने सगळी कॉन्फिगरेशनं काढायची आणि एकेक डिलीट. चालली मस्त, 84 चे शून्य झाले. खात्रीसाठी परत चालवली तर नल पॉइंटरची एरर. काहीच नसेल तर ही मेथड रिकामा अ‍ॅरे देत नाही, नल देते, आणि तसं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलेलं नव्हतं एवढंच. साहेब मागे उभे राहून लाल अक्षरं बघत होते. मी म्हटलं हे चांगलं लक्षण आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

इथवर प्रकरण मिटायला हवं होतं, पण मला सीडरच नकोसा झाला होता. मीटर वाढला की सीएसव्ही बदला, ती बंडलात, म्हणजे परत बिल्ड, परत मला फोन. म्हणून सीडर काढून फेलिक्सचं फाइल इन्स्टॉल लावलं, ते एका फोल्डरवर नजर ठेवतं, फाइलच्या नावात फॅक्टरी पीआयडी, मग टिल्डे, मग मीटरचं नाव, शेवटी डॉट सीएफजी. फाइल टाकली की इन्स्टन्स उठतो, फाइल काढली की जातो. टिल्डेच्या जागी साधी आडवी रेघ ही जुनी पद्धत अजून चालते, पण आमच्या मीटरच्या नावातच रेघ आहे, म्हणून टिल्डे बरा, वाचताना घोळ होत नाही. सीएफजी फाइलमध्ये सगळ्या किमती स्ट्रिंग असतात, पण प्रॉपर्टीज अ‍ॅनोटेशन टाइपने घेतल्या तर डिक्लरेटिव्ह सर्व्हिसेस त्यांचा आकडा करून देतं. मॉडिफाइड मेथडही तेव्हाच लिहिली, ती नसेल तर फाइलमध्ये 5 चे 10 सेकंद केले तरी इन्स्टन्स पूर्ण खाली पडून परत उठतो आणि त्याला चिकटलेला अलार्म विनाकारण ओरडतो.

लाइनसुद्धा फॅक्टरी कॉन्फिगरेशनच केली, एक लाइन म्हणजे एक फाइल, मीटरच्या फाइलमध्ये लाइन-डॉट-टार्गेट. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पोर्ट उघडायचा अधिकार फक्त लाइनच्या इन्स्टन्सला. यूएसबी कन्व्हर्टर उपटला की लाइनची सर्व्हिस जाते, तिच्यावरचे मीटर आपोआप खाली बसतात, परत लावला की ओळीने उठतात. मी हे साहेबांना दोनदा उपटून दाखवलं. गरज एकदाचीच होती.

फोल्डर सांबावरून (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) पॅनल रूममधल्या विंडोज पीसीवर शेअर केलं आणि इलेक्ट्रिशियन भाईंना दाखवलं, एक फाइल म्हणजे एक मीटर. त्यांना हे माझ्या सीडरपेक्षा लवकर कळलं. कळलं म्हणून त्यांनी लगेच नवीन फीडर लावायला घेतला, 07 ची फाइल सिलेक्ट, कंट्रोल सी, कंट्रोल व्ही. विंडोजने नाव दिलं एफडीआर-07, रेघ, कॉपी. तेवढ्यात चहा आला, नाव आणि पत्ता बदलायचं राहून गेलं. फाइल इन्स्टॉलला चहाबिहा कळत नाही, त्याने दोन सेकंदांत एफडीआर-07-कॉपी नावाचा इन्स्टन्स उठवला, त्याच पत्त्यावर, आणि बेरीज एका फीडरने वाढली.

मी डोक्याला हात लावला, पण चूक त्यांची नव्हतीच. पीआयडी मी पक्का केला होता, पण पत्ता हा मीटरचा खरा ठावठिकाणा, आणि तो एकाच लाइनवर दोघांचा असू शकत नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिनला ते कळायचं कारणच नाही, त्याच्यासाठी पत्ता ही बाकीच्यांसारखीच एक प्रॉपर्टी. ते लाइनला कळतं. म्हणून आता मीटर उठताना आधी लाइनकडे आपला पत्ता मागतो, तो कुणाकडे असेल तर लाइन नाही म्हणते, अ‍ॅक्टिव्हेटमध्ये एक्सेप्शन जातं, तो इन्स्टन्स कुणाला मिळतच नाही, आणि डॅशबोर्डवर वर एक लाल पट्टी येते की अमुक फाइलमधला पत्ता तमुक मीटरकडे आहे. खाली जाताना डिअ‍ॅक्टिव्हेटमध्ये पत्ता परत करायचा. पहिल्यांदा मी तेही विसरलो होतो, मग फाइल काढून परत टाकली की मीटर स्वतःच्याच पत्त्यासाठी स्वतःशी भांडायचा.

पट्टीवरचं वाक्य गुजरातीत हवं अशी भाईंची मागणी होती, ती ज्युनिअरने पूर्ण केली. नवरात्रीच्या आधी नवा शेड सुरू झाला, दुसरी लाइन, 9 मीटर. मला कळलं ते साहेबांनी यूपीएसच्या नव्या बॅटरीचं विचारायला फोन केला तेव्हा, फायली भाईंनी टाकून झाल्या होत्या.